६४९ पानांची यादी आणि तिच्यातली माणसे

शेवंती (धागालेखिका)

मी सत्तावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आणि त्या काळात बऱ्याच निवडणुकांना मतदारयादीचे काम माझ्या वाट्याला आले, त्यामुळे यादी कशी वाचावी हे मला थोडेफार कळते. एकाच घर क्रमांकाखाली आठ नावे सलग आली की एकत्र कुटुंब ओळखू येते. एखाद्या आजींचे वय तीन याद्यांमध्ये तेवढेच राहिले असेल, तर मधल्या काळात त्यांच्या दारात कोणी गेलेलेच नाही हे समजते. आणि नावावर ‘वगळले’ असा शिक्का असेल, तर त्या घरी आवाज खाली आणून बोलायचे असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने इस्रायल-हमास युद्धातल्या, तोवर ओळख पटलेल्या मृतांची यादी प्रसिद्ध केली. ती ६४९ पानांची होती आणि तीत ३४,३४४ नावे होती. अरबी मला येत नाही, म्हणून भाच्याच्या मदतीने रकाने समजून घेतले. आपल्या मतदारयादीत अठराच्या आतले कोणी नसते. ही यादी वयाप्रमाणे लावलेली होती, आणि तिची पहिली चौदा पाने वयाचे एक वर्षही पूर्ण न झालेल्या बाळांची होती. ती नावे ७१०. शाळेत पटावर चाळीस मुले असली की हजेरीला चारपाच मिनिटे लागतात, हा हिशेब मी नको असताना मनात करून बसले. यादीच्या दुसऱ्या टोकाला १९२२ साली जन्मलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या आयुष्यात त्या भूमीवर ब्रिटिश, इजिप्त, इस्रायल, पॅलेस्टिनी प्राधिकरण आणि हमास एवढे अंमल येऊन गेले.

त्यानंतर आकडा वाढतच गेला आणि १० ऑक्टोबर २०२५ रोजी युद्धविराम लागू झाला तेव्हा तो ६७ हजारांच्या पुढे होता. या धाग्यात मला आकड्यांवर, सीमारेषांवर किंवा दोन राष्ट्रांच्या तोडग्यावर चर्चा अपेक्षित नाही. तिथल्या माणसाचा साधा दिवस कसा असे आणि युद्धात त्याचे काय झाले, हे ज्यांना खात्रीने ठाऊक असेल त्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

‘निष्पाप नागरिक’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम टाळते आहे. जिवंत राहण्यासाठी माणूस निष्पापच असला पाहिजे, ही अट कोणी घातली, ते मला कळत नाही. उधारी बुडवणारा दुकानदार, सुनेला टोमणे मारणारी सासू, परीक्षेत कॉपी करणारा मुलगा हीसुद्धा त्या यादीत असणारच, कारण कोणत्याही गावाच्या यादीत ती असतातच. परीक्षेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तिथल्या बारावीला ‘तौजिही’ म्हणतात. निकालाच्या दिवशी गल्लीत मिठाई वाटतात आणि फटाके वाजवतात. २०२४ साली गाझातल्या सुमारे ३९ हजार मुलांना ती परीक्षा देता आली नाही. वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या आईबापांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आडवाट

शेवंतीताई, आपले लेखन नेहमी आवडीने वाचतो, म्हणूनच मनात आले ते स्पष्ट लिहितो. ज्या मंत्रालयाच्या यादीवर आपण एवढे लिहिले आहे ते मंत्रालय हमासच्या ताब्यातले आहे. त्यांनी लढवय्ये आणि नागरिक असा भेद त्या यादीत केलेला नाही. दुसरे असे, की हमासला २००६ साली याच लोकांनी निवडून दिले होते. तिसरे, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर जो हल्ला केला त्याचा आपल्या लेखात उल्लेखही नाही. माणुसकी दाखवायची तर ती दोन्हीकडे दाखवावी, एवढेच म्हणणे आहे. मला कोणाच्याही मुलाच्या मृत्यूचा आनंद होत नाही, हे सांगावे लागू नये.

शेवंती

आडवाट, आपले तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

यादीत भेद नाही हे खरे आहे आणि तिच्यात लढणारे पुरुषही असणार. काही नावे पुढच्या आवृत्त्यांतून वगळलीही गेली. परंतु प्रत्येक नावापुढे ओळखक्रमांक आहे, आणि गाझातल्या लोकांची नोंदवही शेवटी इस्रायलच्याच नियंत्रणाखाली असते, त्यामुळे ते क्रमांक पडताळून पाहणे इस्रायलला अवघड नाही. पहिल्या चौदा पानांपुरता तर लढवय्या कोण हा प्रश्नच उद्भवत नाही.

निवडणुकीविषयी मी माझ्या जुन्या कामाच्या सवयीने बोलते. २००६ च्या त्या निवडणुकीत हमासला सुमारे ४४ टक्के मते मिळाली होती आणि त्यानंतर तिथे संसदेची निवडणूक झालेली नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा गाझाची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती आणि तिच्यातली जवळजवळ निम्मी माणसे अठराच्या आतली होती. ती त्या मतदानाच्या दिवशी एक तर जन्मलेली नव्हती, नाहीतर पाळण्यात होती. मार्च २०२५ मध्ये बैत लाहिया गावात लोक हमासच्या विरोधात रस्त्यावर उतरले आणि ‘आम्हाला जगायचे आहे’ अशा घोषणा त्यांनी दिल्या. वरून बॉम्ब पडत असताना आणि शेजारी बंदूकधारी उभा असताना हे बोलायला काय लागते, याचा विचार मी करून पाहिला. आपल्या ग्रामसभेत सरपंचाविरुद्ध हात वर करतानासुद्धा माणूस आजूबाजूला पाहतो.

तिसऱ्या मुद्द्यावर आपले बरोबर आहे. उल्लेख यायला हवा होता.

नवगावकर

तो उल्लेख मीच करतो, कारण मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो. आमचे आजोबा अलिबागकडचे, आणि आमच्या घरात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची मराठी अजून बोलली जाते. ७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले गेले. सकाळी साडेसहाला सायरन झाला, तेव्हा आईला हाताला धरून सुरक्षित खोलीत नेले. ती दार लावून घेत पुटपुटत होती ते मराठीत होते.

पहिले काही महिने मला पलीकडच्यांचे दुःख दिसत नव्हते. दिसत होते पण शिरत नव्हते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. इथल्या टीव्हीवर गाझातल्या घरांमधले लोक फारसे दाखवलेच जात नसत. धुराचे लोट आणि नकाशेच दिसत.

बदल झाला तो एका बाईंविषयी वाचल्यावर. व्हिव्हियन सिल्व्हर गाझाच्या हद्दीजवळच्या बेएरी किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वस्तीत राहत होत्या. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि गाझातल्या आजारी माणसांना हद्दीवरून आपल्या गाडीत घेऊन इस्रायलच्या रुग्णालयात पोचवण्याचे काम करीत. त्या ओलीस असाव्यात, असे घरच्यांना पाच आठवडे वाटत होते. मग अवशेषांवरून कळले, की त्या पहिल्याच दिवशी गेल्या. त्यांच्या मुलाने आईचा सूड मागितला नाही आणि तो आज शांततेच्या कामात आहे. मी त्याच्याइतका मोठा नाही. परंतु त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून कोणी तरी मूल मांडीवर घेऊन गेले असेल आणि ते मूल आज कुठे आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्यांना सहसा माहीत नसते. युद्धापूर्वी गाझातल्या सुमारे १८ हजार लोकांकडे इस्रायलमध्ये काम करण्याचे परवाने होते आणि त्याआधीच्या पिढीत तर हे येणे-जाणे कितीतरी जास्त होते. गाझातल्या साठीपुढच्या पुरुषांना हिब्रू येते ती बांधकामावर आणि शेतात शिकलेली. आमच्या जुन्या घराची गच्ची ज्याने घातली तो गवंडी खान युनिसचा होता. बाबा त्याला कधी काही विचारत नसत, फक्त त्याचा चहा वेगळ्या कपात येत नाही ना, याकडे लक्ष ठेवत. ते भारतातून ज्या आठवणी घेऊन आले होते त्यांमुळे असावे.

पाटावरवंटा

मला राजकारणातले काही कळत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरापुरते लिहिते. पॅलेस्टिनी जेवण म्हटले की आपल्याकडे हम्मस आणि फलाफल एवढेच डोळ्यांपुढे येते, पण गाझाचे जेवण आजूबाजूच्या प्रदेशाहून वेगळे आणि झणझणीत असते. हिरवी मिरची आणि शेपू ही तिथल्या स्वयंपाकाची ओळख आहे. शेपू म्हटल्यावर आपल्याकडची अर्धी मुले ताटावरून उठतात, तशी तिथलीही उठत असतील, असा माझा अंदाज आहे. मिरची, लसूण, मीठ आणि शेपूचे दाणे ज्या बिनचकाकीच्या मातीच्या कुंड्यात लाकडी दांड्याने रगडतात त्याला ‘झिब्दिया’ म्हणतात, आणि त्यातच टोमॅटो घालून केलेली ‘दग्गा’ नावाची कोशिंबीर रोजच्या जेवणात असते. ईदला ‘सुमाकिया’ करतात. सुमाक नावाच्या आंबट लाल फळांचे पाणी काढून त्यात मांस, चाकवतासारखी पालेभाजी आणि तीळकूट नव्हे, तर तिळाची पातळ पेस्ट घालतात. ती थंड झाल्यावर वाडगे भरून शेजारी वाटायची असते. आपल्या दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखेच ते वाडगे रिकामे परत येत नाहीत, असे म्हणतात.

हे सगळे लिहिण्याचे कारण म्हणजे ‘उपासमार’ हा शब्द. २०२४ च्या सुरुवातीला उत्तर गाझातल्या लोकांनी जनावरांचा चारा दळून त्याच्या भाकऱ्या केल्या आणि ‘खुबेझा’ नावाची रानभाजी बांधाबांधाने खुडून उकडून खाल्ली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी तर गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय मोजणीने अधिकृतपणे जाहीर केले. बातमीत आपण वाचतो, की लोकांना अन्न मिळत नव्हते. मी विचार करते ती त्या बाईचा, जिच्या हाताला सुमाकियाचा अंदाज चाळीस वर्षांच्या सवयीने बसलेला आहे आणि जी आता अन्नछत्राच्या रांगेत पातेले घेऊन मसुराच्या पाण्यासाठी उभी आहे. ते अन्नछत्र चालवणारेही तिथलेच, तंबूत राहणारे. भूक लागली असतानाही त्या पाण्याला मीठ कमी आहे, हे तिच्या जिभेला कळत असणार, आणि ती ते कोणाला बोलूनही दाखवू शकत नाही.

खडू

एक अवांतर वाटेल, पण अवांतर नाही. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत पॅलेस्टिनी लोक मेल्याचे सोंग करतात, अशा अर्थाच्या चित्रफितींचा आपल्या मोबाइलवर पूर आला होता. कफनात गुंडाळलेले तान्हे मूल ही खरे तर बाहुली आहे, असा दावा पसरला होता आणि इस्रायलमधल्या एका दैनिकाने तो छापून नंतर मागे घेतला. मूल खरे होते आणि पाच महिन्यांचे होते. भारतातल्या तथ्यतपासणी करणाऱ्यांनी या काळात जो खोटा मजकूर उघडकीस आणला त्यातला बराचसा आपल्याच देशातून पसरवला गेला होता.

मी स्वतः अशी एक चित्रफीत हसण्याची खूण टाकून पुढे पाठवली होती. ती दुसऱ्याच देशातल्या चित्रीकरणाची निघाली. पुढे पाठवताना मला खरे-खोटे तपासायचे नव्हतेच. तिकडचे रडणे नाटकी आहे असे मानले, की आपल्याला काही वाटून घ्यावे लागत नाही, ही सोय हवी होती.

रात्रपाळी

मी परिचारिका म्हणून एकतीस वर्षे काम केले, त्यातली अकरा नवजात कक्षात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अल-शिफा रुग्णालयाची वीज गेल्यावर अपुऱ्या दिवसांची बाळे काचपेटीतून काढून एका खाटेवर ओळीने निजवली होती, ते छायाचित्र मी पाहिले आणि पहिल्यांदा माझी नजर गेली ती त्यांच्या डोक्यांकडे. टोप्या होत्या का, हे मी पाहत होते. शेवटी एकतीस बाळांना तिथून रफाहला हलवता आले. तिथल्या डॉक्टरांनी या युद्धात एक नवी संक्षिप्त नोंद वापरात आणली. डब्ल्यूसीएनएसएफ, म्हणजे जखमी मूल, कुटुंबातले कोणीही हयात नाही. केसपेपरवर संक्षेप तेव्हाच येतो जेव्हा ती गोष्ट पूर्ण शब्दांत लिहायला वेळ पुरत नाही, इतकी ती वारंवार घडते.

डॉ. इझ्झेल्दिन अबुएलाइश यांच्याविषयीही लिहिते. जबालियाच्या निर्वासित छावणीत जन्मलेले हे स्त्रीरोगतज्ज्ञ इस्रायलच्या शेबा रुग्णालयात काम करीत आणि मूल होत नसलेल्या जोडप्यांवर उपचार करीत. १६ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे आधीच्या एका युद्धात, त्यांच्या घरावर रणगाड्याचे गोळे पडून तीन मुली आणि एक पुतणी गेली. त्यांनी तेव्हा इस्रायली वाहिनीवरच्या आपल्या ओळखीच्या पत्रकाराला फोन लावला. तो पत्रकार थेट कार्यक्रमात होता, त्याने फोन चालू ठेवला, आणि हिब्रूत बोलणाऱ्या एका बापाचा आक्रोश देशभर ऐकला गेला. जखमींसाठी वाट मोकळी झाली ती त्यानंतर. पुढे ते कॅनडात गेले आणि मुलींच्या नावे त्यांनी शिक्षणासाठी संस्था काढली.

मला मात्र त्या प्रसंगात एक गोष्ट नेहमी टोचते. त्यांचे रडणे ऐकू आले, कारण ते डॉक्टर होते, त्यांना ती भाषा येत होती आणि त्यांच्याकडे त्या पत्रकाराचा क्रमांक होता. त्याच आठवड्यात ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते अशा किती घरांत तसाच आवाज उठला असेल.

छावणीतला

रात्रपाळी ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. १३ मे २०२४ रोजी रफाहमध्ये निवृत्त कर्नल वैभव अनिल काळे मारले गेले. सैन्यातून निवृत्त होऊन ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू झाले होते आणि संयुक्त राष्ट्रांची खूण असलेल्या गाडीतून युरोपियन रुग्णालयाकडे निघाले होते. त्यांचे अंत्यसंस्कार पुण्यात झाले. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात मृत्यू पावलेले संयुक्त राष्ट्रांचे पहिले आंतरराष्ट्रीय कर्मचारी, असे त्यांचे वर्णन सगळीकडे आले आणि ते खरेच होते. पण त्या ‘आंतरराष्ट्रीय’ या एका शब्दामागे संयुक्त राष्ट्रांचेच दीडशेहून अधिक स्थानिक कर्मचारी उभे होते, जे त्याआधी मारले गेले होते. ते शिक्षक, कारकून, आरोग्यसेवक होते आणि काळेसाहेबांसारखेच कामावरचे लोक होते. मीही ती बातमी वाचून हळहळलो तो आपला अधिकारी गेला म्हणून, हे मान्य करतो.

आपला आणि गाझाचा संबंध याहून जुना आहे. १९५६ ते १९६७ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय सैनिक तिथे होते आणि त्यांच्यातल्या काहींच्या कबरी गाझाच्या युद्ध दफनभूमीत आहेत. त्या दफनभूमीतली हिरवळ आणि फुलझाडे एका पॅलेस्टिनी कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या राखली. आपल्या माणसांच्या थडग्यांना पाणी घालणाऱ्यांची चौकशी आपण कधी केली नाही.

आडवाट

सगळे प्रतिसाद वाचले. माझे मत बदलले, असे म्हणणार नाही. हमासने लोकांच्या आडून युद्ध केले आणि त्याची किंमत लोकांनी मोजली, असे मला आजही वाटते. मात्र ‘याच लोकांनी निवडून दिले’ हे वाक्य मी मागे घेतो. माझा धाकटा मुलगा २००७ चा आहे. त्याच्या जन्माआधी मी कोणाला मत दिले याचा जाब त्याला कोणी विचारला, तर मी काय करीन, एवढा साधा विचार मी केला नव्हता.

दोहेकर

मी सतरा वर्षे दोहा येथे नोकरीला आहे आणि त्यातली नऊ वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर गाझाचे एक सहकारी बसतात. धागालेखिकेने साध्या दिवसाविषयी लिहायला सांगितले आहे आणि पापभीरू माणसांविषयीच लिहायचे बंधन नाही असेही म्हटले आहे, म्हणून धीर होतो.

या गृहस्थांचे आणि त्यांच्या थोरल्या भावाचे वडिलोपार्जित जागेवरून फाटले होते. वडिलांनी बांधलेल्या घरावर आणखी एक मजला कोणी चढवायचा, यावरून चार वर्षे अबोला होता. चहात वाळलेली सेजची पाने टाकून ते रोज दुपारी त्या भावाला मला इंग्रजीत शिव्या देत, अरबीत दिल्या तर आसपासच्यांना कळतील म्हणून. आपल्या कोकणातले दावे मी त्यांना सांगत असे आणि ते अगदी मन लावून ऐकत.

ज्या घरावरून भांडण होते ते नोव्हेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त झाले. भाऊ कुटुंबासह दक्षिणेकडे निघाला आणि त्यानंतर पाच वेळा त्याचा तंबू हलला. आमच्या सहकाऱ्यांनी अबोला मोडला असे मात्र झाले नाही. ते वहिनीच्या मोबाइलवर निरोप टाकत आणि निरोप पोचल्याच्या दोन खुणा उमटल्या का, एवढे दिवसभर पाहत. एक खूण असेल तर ते जेवत नसत. २७ जानेवारी २०२५ रोजी, आधीच्या युद्धविरामात, लाखो लोक किनाऱ्यावरच्या अल-रशीद रस्त्याने पायी उत्तरेकडे परत निघाले, तेव्हा ते संगणकावर त्या गर्दीचे थेट चित्रीकरण लावून दिवसभर बसले होते. साहेबांनी पाहिले आणि काही न बोलता पुढे गेले. एवढ्या गर्दीत भाऊ दिसणे शक्य नव्हते. त्यांनी मला विचारले, की पाठमोऱ्या माणसाला चालण्यावरून तू ओळखशील का. मी म्हणालो, भाऊ असेल तर ओळखीन.

शेवंती

दोहेकर, खूप आभार. एक विचारू का? यादीतली नावे लावून घेताना भाच्याने सांगितले, की तिथे नाव चार पदरी असते, म्हणजे स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे आणि घराण्याचे. आईचे नाव त्यात कुठेच नसते. पण रोजच्या बोलण्यात आईला ‘उम्म’ आणि बापाला ‘अबू’ लावून थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, असे वाचले. आमच्या गावातही ‘बाळूची आई’ अशीच हाक असते, बाळू साठीचा झाला तरी. ते मूल गेल्यावर तिथे काय म्हणतात?

दोहेकर

तेच म्हणतात, ताई. हाक बदलत नाही.

भावाचा थोरला मुलगा गेल्या उन्हाळ्यात पिठाच्या गोणीसाठी गेला होता तो परतला नाही. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा भावाच्या स्वतःच्या क्रमांकावर फोन लावला. मी तिथेच उभा होतो. पलीकडून उचलल्याचे कळले, आणि यांनी त्याला मुलाच्याच नावाने, ‘अबू’ लावून, हाक मारली. बराच वेळ दोन्हीकडून कोणी काही बोलले नाही. मग भावाने विचारले, तुझ्याकडे किती वाजले, जेवलास का?